सिंहाची गुहा, सोन्याचा पेला

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहिलं होतं, की हिब्रू संदेष्ट्यांच्या लेखनात मिसर, अश्शूर आणि बाबेल ही नुसती देशांची नावं राहत नाहीत, ती जुलमाची नावं होतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी पानं त्यांनाच द्यायचं ठरवलं. नावं मी मराठी पवित्र शास्त्रातली वापरते आहे. अहमदनगरला आमच्या घरी आजी रोज रात्री जुना करार मोठ्याने वाचायची, तेव्हापासून ती माझ्या कानात बसली आहेत. अश्शूर म्हणजे असीरिया, बाबेल म्हणजे बॅबिलोन, मिसर म्हणजे इजिप्त, कोरेश म्हणजे इराणचा सायरस. वचनांचा आशय मात्र माझ्या शब्दांत दिला आहे.

ताई, संदेष्टे अश्शूर-बाबेलला एवढे शिव्याशाप देतात, ते शेवटी हरलेल्या माणसाचं बोलणंच ना? शत्रूला कोण चांगलं म्हणेल?
– एक वाचक, नाशिक

हरलेल्या माणसाचं बोलणं आहे, हे अगदी खरं. पण ते नुसते शिव्याशाप नाहीत. जिंकणाऱ्याने स्वतःबद्दल जे दगडात कोरून ठेवलं, तेच शब्द संदेष्टे उचलतात आणि उलटे करून त्याच्यापुढे ठेवतात. पंचवीस वर्षं कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवूनही ही गोष्ट मला नीट उमगली ती शिल्पांसमोर उभी राहिल्यावर.

2011 साली भाच्याकडे लंडनला गेले होते. ब्रिटिश म्युझियममधल्या लाखीशच्या खोलीत मी दीडेक तास होते. इ.स.पू. 701मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेच्या राज्यावर, चालून गेला आणि यरुशलेमच्या खालोखाल मोठं असलेलं लाखीश हे तटबंदीचं शहर त्याने घेतलं. पुढे निनवे या आपल्या राजधानीतल्या राजवाड्यातलं एक दालन त्याने याच विजयाच्या शिल्पांनी मढवलं. तटाला भिडवलेला दगडमातीचा उतार, त्यावरून वर सरकणारे धडक मारणारे गाडे, तटावरून फेकलेल्या जळत्या मशाली, खांबांवर चढवलेली माणसं. आणि वेशीतून बाहेर पडणारी कुटुंबं. त्यात एक बैलगाडी आहे. गाडीत गाठोडी, गाठोड्यांवर बाया आणि मुलं. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट कोरल्या आहेत. मी नगर जिल्ह्यातली, 1972चा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेली. ती गाडी आणि ते बैल मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती रांग जिथे पोचते तिथे सन्हेरीब उंच आसनावर बसला आहे. शेजारी कीलाक्षरांत लिहिलं आहे, की जगाचा राजा, अश्शूरचा राजा सन्हेरीब सिंहासनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली. राजाला चेहरा मात्र नाही. कुणीतरी तो मुद्दाम ठोकून फोडला आहे, बहुधा इ.स.पू. 612मध्ये बाबेल आणि मेदी लोकांच्या सैन्याने निनवे घेतलं तेव्हा.

आता मीखा उघडा. हा संदेष्टा लाखीशच्याच मुलखातला, मोरेशेथ गावचा. त्याच्या पहिल्या अध्यायात आसपासच्या गावांची नावं एकामागून एक येतात, लाखीशही येतं, आणि शेवटी तो म्हणतो: केस भादर, तुझी लाडकी लेकरं तुझ्यापासून बंदिवासात गेली. राजाच्या भिंतीवर जे ‘लूट’ म्हणून लिहिलं, त्याला मीखा ‘लेकरं’ म्हणतो. नाशिककर, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन शब्दांत आहे.

उरलेलं निम्मं यशयाच्या दहाव्या अध्यायात. तिथे अश्शूरचा राजा स्वतः बोलतो: सोडून दिलेल्या घरट्यातली अंडी गोळा करावीत तशी मी सारी पृथ्वी गोळा केली, कुणी पंख हलवला नाही, कुणी चोच उघडून चिवचिवलं नाही. सन्हेरीबाचा भाजक्या मातीवर लिहिलेला वृत्तांत सापडला आहे, त्यात 46 तटबंदीची शहरं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला ‘पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा’ यरुशलेमात कोंडला, असं तो अभिमानाने सांगतो. संशोधकांना हा आकडा फुगवलेला वाटतो. फुगवलेला असेलही, पण घराबाहेर काढलेल्या माणसांची संख्या वाढवून सांगण्यात राजाला भूषण वाटत होतं, हेच संदेष्ट्याला सगळ्यांत जास्त खुपलं होतं. राजाच्या लेखात पक्षी आहे, यशयाच्या वचनातही पक्षी आहे. फक्त यशया तो मुका झालेल्या पक्ष्याच्या बाजूने दाखवतो. आणि मग विचारतो: कुऱ्हाड तिला चालवणाऱ्यापुढे फुशारकी मारील काय?

असंच झाडांचं. मेसोपोटेमियाचे राजे लेबनानचे देवदारू तोडून आणल्याची बढाई शतकानुशतकं मारत आले. लेबनानच्या वादी ब्रिसा नावाच्या दरीत बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने कोरवलेला लेख आहे, त्यात बाबेलचा देव मर्दुक याच्या मंदिरासाठी देवदारू नेल्याचं वर्णन आहे. यशयाच्या चौदाव्या अध्यायातल्या बाबेलच्या राजावरच्या गीतात, राजा मेल्यावर पहिला आनंद कोण करतं? झाडं. सरू आणि लेबनानचे देवदारू म्हणतात, तू आडवा झालास तेव्हापासून आम्हांला तोडायला कुणी वर चढून येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी साम्राज्याकडे झाडाच्या जागी उभं राहून पाहिलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि सिंह. अश्शूरी राजाच्या अधिकृत मुद्रेवर राजा सिंहाला भोसकताना दिसतो, शिलालेखांत राजे स्वतःला सिंह म्हणवतात, अशुरबनीपालाच्या राजवाड्यातलं सिंहाच्या शिकारीचं शिल्प तर जगप्रसिद्ध आहे. नहूम हा संदेष्टा निनवेला विचारतो, कुठे गेली ती सिंहांची गुहा, जिथे सिंह आपल्या छाव्यांसाठी फाडफाडून आणायचा, बिळं शिकारीने भरायचा? राजाने अंगावर मिरवलेलं बिरुद नहूम नाकारत नाही. तो फक्त त्या गुहेत काय साठलं होतं ते दाखवतो.

लंडन दूर असलं तरी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूद या जुन्या अश्शूरी राजधानीच्या राजवाड्यातल्या काही शिळा आहेत. इंग्रज उत्खननकार लेयार्डने 1840च्या दशकात उकरलेल्या पाषाणांच्या पेट्या टिग्रिस नदीतून बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मग इंग्लंडला जात. इस्राएलच्या वतीने कपाळ जमिनीला टेकवून खंडणी देणारा राजा येहू ज्या काळ्या स्तंभावर कोरला आहे, तोही याच वाटेने गेला. मुंबईला गेलात तर त्या शिळांपुढे थोडा वेळ थांबा. दाढीचे एकसारखे वळसे आणि पोटरीचा ताठ स्नायू बघा. ज्या माणसाला मान झुकवायला लावायचं आहे त्याच्यासाठीच ती पोटरी कोरलेली आहे.

मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संदेष्टे फक्त परक्या साम्राज्यांविरुद्ध बोलतात का? स्वतःच्या राजांना सोडून देतात का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

बाळ, तू हे विचारलंस याचा मला फार आनंद झाला, कारण हे विचारल्याशिवाय सगळा विषय एकांगी राहतो.

आधी मिसर. निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात फारो, म्हणजे मिसरचा राजा, इस्राएली लोकांवर मुकादम नेमतो आणि त्यांच्याकडून पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरं बांधून घेतो. मिसरला शास्त्रात पुढे कायमचं नाव पडतं ‘दास्यगृह’. आता 1 राजे हे पुस्तक उघड. शलमोन राजा यरुशलेमात मंदिर आणि राजवाडा बांधतो, तीस हजार माणसं वेठीला धरून दर महिन्याला दहा हजार याप्रमाणे लेबनानला लाकडासाठी पाठवतो, आणि त्यानेही कोठारांची नगरं बांधल्याची नोंद नवव्या अध्यायात येते. मूळ हिब्रूत दोन्हीकडे त्या नगरांसाठी एकच शब्द आहे, ‘मिस्कनोथ’. फारोच्या मुकादमांच्या नावात जो वेठीचा शब्द आहे, ‘मस’, तोच शलमोनाच्या वेठीलाही वापरला आहे. लिहिणाऱ्याने कुठेही ‘शलमोन फारोसारखा झाला’ असं म्हटलेलं नाही. त्याने शब्द तोच ठेवला आणि वाचणाऱ्यावर सोपवलं. म्हणूनच अनुवादकांनी अशा ठिकाणी वेगवेगळे शब्द वापरले की मला वाईट वाटतं. एक धागा तुटतो.

संदेष्टे इतके आडून बोलत नाहीत. यिर्मया आपल्या डोळ्यांसमोरच्या राजाला, यहोयाकीमाला, तोंडावर सांगतो: जो अन्यायाने घर बांधतो, शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो, मजुरी देत नाही, प्रशस्त माड्या बांधतो, खिडक्या पाडतो, देवदारूच्या फळ्या बसवून हिंगुळाचा लाल रंग देतो, त्याला हाय हाय. देवदारूवर चढाओढ करून तू राजा ठरतोस काय? पुन्हा देवदारूच, बघ. लेबनानवर कुऱ्हाड चालवणाऱ्या बाबेलच्या राजाला जो दोष, तोच घरच्या राजाला.

आमोसाने तर हे सापळ्यासारखं रचलं आहे. तो मेंढपाळ, तकोवा गावचा, यहूदातला. उत्तरेच्या राज्यात, म्हणजे इस्राएलात, जाऊन बोलायला लागतो तेव्हा आधी दिमिष्क, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजाऱ्यांची पापं मोजतो. ऐकणारे माना डोलवत असतील. मग यहूदा. आणि मग त्यांच्याच दारात येऊन थांबतो: इस्राएल, तू चांदीसाठी निर्दोषाला आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकलंस. शेजाऱ्यांच्या युद्धांतल्या क्रूरतेच्या रांगेत तो बाजारातला, कर्जवसुलीतला अन्याय उभा करतो, आणि त्याला सगळ्यांत जास्त वेळ देतो.

‘संदेष्टा’ या शब्दाबद्दलही एक सांगते, परीक्षेत उपयोगी पडेल. भविष्य सांगणारा हा त्याचा मुख्य अर्थ नाही. हिब्रू ‘नवी’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, निरोप्या. पुढे काय घडेल यापेक्षा आज काय चाललं आहे हे राजासमोर सांगणं हे त्याचं काम होतं. आमच्या कॅथलिक मंडळींमध्ये ‘प्रवक्ता’ म्हणतात, तो शब्द मला अधिक नेमका वाटतो.

अश्शूर जास्त क्रूर होता असं तुम्ही लिहिता. मग जुलमाचं नाव म्हणून जगभर टिकलं ते बाबेलचं. असं का?
– निवृत्त मुख्याध्यापक, मिरज

सर, कारण अश्शूरने यहूदाला घाबरवलं, पण यरुशलेम त्याला घेता आलं नाही. बाबेलने ते घेतलं. नबुखद्नेस्सराच्या सैन्याने इ.स.पू. 597मध्ये शहर शरण आणलं, राजा यहोयाखीन आणि कारागीर धरून नेले. दहाएक वर्षांनी, 587 किंवा 586मध्ये, तट पाडला आणि मंदिर जाळलं. ज्यांनी ही पुस्तकं जपली, पुन्हा लिहून काढली, त्यांतले पुष्कळ त्या बंदिवासातले किंवा त्यांच्या पोटचे. जखम ज्याने केली त्याचंच नाव जखमेला पडतं.

बंदिवासाचा एक तुकडा हाताशी आहे. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यात यहूद देशाचा राजा ‘याउकीनू’ आणि त्याचे पाच मुलगे यांना द्यायच्या तेलाची नोंद आहे. हाच तो यहोयाखीन. दाविदाच्या गादीवरचा माणूस, कोठारातल्या कारकुनाच्या यादीत, नावापुढे तेलाचं माप. स्तोत्र 137मध्ये बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं जे गाणं आहे, ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नदीआधी ही पाटी येते.

बाबेलबद्दल सगळ्यांत जास्त यिर्मया बोलतो, आणि त्याचं बोलणं एकसुरी नाही. एकीकडे बंदिवानांना तो पत्र पाठवतो: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलं त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. दुसरीकडे पुस्तकाच्या शेवटी, 50 आणि 51 अध्यायांत, बाबेलच्या नाशाची वचनं एकावर एक कोसळतात. तिथे बाबेल म्हणजे परमेश्वराच्या हातातला सोन्याचा पेला, सगळ्या पृथ्वीला धुंद करणारा, राष्ट्रांनी त्यातलं पिऊन भान गमावलेलं. अश्शूरसाठी सिंह आणि बाबेलसाठी सोन्याचा पेला, ही निवड मला फार मार्मिक वाटते. सिंहापासून माणूस पळतो. सोन्याच्या पेल्याकडे तो आपणहून जातो. बाबेलचं वैभव, तिथलं ज्ञान, तिथल्या मिरवणुका, यांत विरघळून जाण्याचं भय बंदिवानांना तलवारीइतकंच होतं.

अक्षरांची एक करामतही तिथे आहे. यिर्मया 25 आणि 51मध्ये ‘शेशख’ नावाचं राज्य येतं. नकाशावर ते नाही. हिब्रू मुळाक्षरं बावीस. पहिल्याच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, असं उलटं लावत गेलं की बेथचं शीन होतं आणि लामेदचं काफ. ब-ब-ल चं होतं श-श-ख. पुष्कळ जण सांगतात की पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून ही सांकेतिक लिपी. मला ते पटत नाही, कारण 51व्या अध्यायात त्याच वचनात पुढे ‘बाबेल’ असं उघड लिहिलं आहे. लपवायचं असतं तर उघड कशाला लिहिलं असतं? माझ्या मते, जे साम्राज्य सगळ्यांची नावं बदलत होतं, बंदिवान दानीएलाचं बेल्टशस्सर करत होतं, त्याचंच नाव इथे उलटं केलं आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी यिर्मया सराया नावाच्या अधिकाऱ्याला गुंडाळी देतो. बाबेलला जा, मोठ्याने वाच, मग तिला धोंडा बांधून फरात नदीत टाक, आणि म्हण, बाबेल अशीच बुडेल. आजी इथे वाचताना थांबायची आणि हाताने धोंडा सोडल्यासारखं करायची. पुढे पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनी रोमला बाबेल म्हटलं, प्रकटीकरणात तर देवदूत जात्याएवढा धोंडा समुद्रात टाकतो. नाव टिकलं ते असं, हातोहात.

कोरेश राजाला यशया ‘अभिषिक्त’ म्हणतो. इराणी साम्राज्य तर बाबेलपेक्षाही मोठं होतं. मग तो जुलूम नव्हता का?
– एक वाचक, वसई

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. यशया 45मध्ये कोरेशाला ‘माशीअह’, म्हणजे अभिषिक्त, म्हटलं आहे. सबंध हिब्रू शास्त्रात परक्या राजाला हा मान एवढ्या एकदाच. इ.स.पू. 539मध्ये त्याने बाबेल घेतलं आणि बंदिवानांना परत जायची वाट मोकळी झाली. 1879मध्ये मोसुलच्याच होर्मुझ्द रस्सामच्या उत्खननात बाबेलला कोरेशाचा मातीचा दंडगोल सापडला. त्यात यहूदाचं नाव नाही, आणि बाबेल जिंकून देण्याचं श्रेय कोरेश तिथे मर्दुकाला देतो. यशयातल्या शब्दांशी ते ताडून पाहण्यासारखं आहे: तिथे परमेश्वर कोरेशाला म्हणतो, तू मला ओळखत नसतानाही मी तुला नावाने हाक मारली.

पण शंभरेक वर्षांनी नहेम्या काय सांगतो ते वाचा. पाचव्या अध्यायात लोक ओरडतात: राजाचा कर भरायला आम्ही शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकून पैसा उचलला, आमच्या पोरीबाळी दास्यात द्यायची पाळी आली, आणि सावकार आमचेच भाऊबंद आहेत. नवव्या अध्यायातल्या प्रार्थनेत तर स्पष्ट आहे: आमच्या पूर्वजांना दिलेल्या याच देशात आज आम्ही दास आहोत, इथलं भरघोस पीक तू आमच्यावर नेमलेल्या राजांकडे जातं. मुक्ती मिळाली, मंदिर उभं राहिलं, आणि तरी ‘दास’ हाच शब्द. सावकारी पाश ज्यांच्या घरात शिरला होता त्यांना हा अध्याय वाचून दाखवा, एका अक्षराचाही खुलासा करावा लागणार नाही. नहेम्याचं मोठेपण मला यात वाटतं, की त्याने राजाच्या करावर हळहळून न थांबता आपल्याच सरदारांना बोलावून व्याज सोडायला आणि शेतं परत करायला लावली.

दानीएलाच्या पुस्तकातले चार पशू म्हणजे कोण? आमच्या आजोबांकडून ऐकलं आहे की आपले बेने इस्राएल पूर्वज याच काळात कोकणात आले.
– एक वाचक, अलिबाग

गरुडाचे पंख असलेला सिंह, दातांत तीन बरगड्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचा दहा शिंगांचा चौथा पशू. बहुतेक अभ्यासक त्यांना अनुक्रमे बाबेल, मेदी, पारसी आणि ग्रीक राज्यं मानतात, जुनी ख्रिस्ती परंपरा चौथ्याला रोम म्हणते. चौथ्या पशूच्या छोट्या, बढाईखोर शिंगात अभ्यासकांना ग्रीक राजा अंत्युखस चौथा दिसतो, ज्याने इ.स.पू. 167मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. यहूदी शास्त्रात हे पुस्तक संदेष्ट्यांत नाही, ‘कथुवीम’ म्हणजे लेखांत धरतात. आणि या पशूंचा अध्याय हिब्रूत नाही, अरामीत आहे. साम्राज्यांच्या कचेऱ्यांत जी भाषा चालायची, तिच्यातच साम्राज्यांना पशू म्हटलं आहे.

तुमच्या आजोबांनी सांगितलं ते तुमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहूदी, समाजातलं जुनं कथन आहे. अंत्युखसाच्या छळापासून पळालेल्यांचं गलबत नौगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांना मंदिर पुन्हा शुद्ध केल्याचा हनुक्काचा सण ठाऊक नव्हता कारण तो सुरू होण्याआधीच ते निघाले होते, असं ते सांगतात. आठवण म्हणून ती जपा. मुंबईत 1846 साली हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री ‘आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो’ हे कोकणातल्या घराघरांत आपल्या मराठीत वाचलं गेलं, ही मराठीच्या इतिहासातली थोर गोष्ट आहे. तुमच्याकडे जुनी प्रत असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापडात ठेवा.

मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे, अमुक देश म्हणजे आजचं अश्शूर, तमुक म्हणजे बाबेल, त्यांचा नाश लिहिलेलाच आहे. आमच्या मंडळीतही वाचून दाखवला. यावर तुमचं मत सांगा.
– एक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

माझं मत आहे की तो संदेश पुढे पाठवू नये, आणि मी हे कळवळून सांगते आहे.

पुण्याला माझ्या वर्गात एक इराकी मुलगा होता. नहूम शिकवून झाल्यावर तो तासानंतर थांबला. म्हणाला, मॅडम, निनवे माझा जिल्हा आहे. त्याचं घर मोसुलला, टिग्रिसच्या पूर्वेच्या काठावर, जिथे जुन्या निनवेच्या दोन टेकड्या आहेत. एका टेकडीवर योना संदेष्ट्याची म्हणून मानलेली कबर आणि मशीद होती, त्याची आजी तिथे त्याला न्यायची. त्याने खिशातून फोटो काढून दाखवला. रक्ताची नगरी, सिंहाची गुहा असं मी तासभर जे बोलत होते, तिथे एक म्हातारी बाई नातवाचा बूट काढत पायरीवर बसली होती. 2014च्या जुलैमध्ये ती कबर अतिरेक्यांनी स्फोटकं लावून उडवली. तोवर तो परत गेला होता. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

त्या दिवसापासून मी नहूम एकटा शिकवला नाही. संदेष्ट्यांनी जे नाव जुलमाला दिलं ते वागणुकीला दिलं, रक्ताला दिलं नाही. हे माझं उदारपण नाही, त्यांच्याच पानांवर आहे. आमोस इस्राएलाला विचारतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही काय? मी इस्राएलाला मिसरातून आणलं तसंच पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीर येथून आणलं नाही काय? यशयाच्या 19व्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वर म्हणतो: माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर आणि माझं वतन इस्राएल, हे आशीर्वादित असोत. दास्यगृह आणि सिंहाची गुहा, दोघांनाही एका ओळीत, लाडक्या लेकासाठी राखलेले शब्द. तुमच्या त्या संदेशात हे वचन होतं का, पाठवणाऱ्याला विचारून बघा.

आजही इराकातले आणि जगभर पांगलेले अश्शूरी ख्रिस्ती लोक दर वर्षी तीन दिवस निनवेचा उपास करतात, केरळातले सिरियन ख्रिस्तीही करतात. योनाचा निरोप ऐकून निनवेने पश्चात्तापाने गोणपाट नेसलं त्याची ती आठवण. आणि यहूदी सभास्थानात योम किप्पूरच्या, वर्षातल्या सगळ्यांत पवित्र दिवसाच्या, दुपारी जे पुस्तक वाचतात तेही योनाच. ज्या शहराने आपल्या पूर्वजांना बैलगाडीत घालून हाकललं, त्या शहराच्या पश्चात्तापाची गोष्ट ते स्वतःच्या पश्चात्तापाच्या दिवशी वाचतात.

बारा लघु संदेष्ट्यांत निनवेवर दोन पुस्तकं आहेत, नहूम आणि योना, आणि दोन्ही प्रश्नाने संपतात. नहूम निनवेला विचारतो, तुझ्या अखंड दुष्टपणाचा तडाखा कुणाला बसला नाही? योनाच्या शेवटी परमेश्वर विचारतो, जिथे उजवा-डावा हात न कळणारी 1,20,000पेक्षा जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्या निनवेची मी कीव करू नये काय? पुढच्या रविवारी मंडळीत तो संदेश वाचण्याऐवजी ही दोन पुस्तकं वाचा. नहूमात 47 वचनं आहेत, योनात 48. एका बैठकीत दोन्ही होतात, आधी नहूम घ्या.